रेडिएशन संपलं, स्कॅन क्लीन आला, तरी बाबा पंगतीत का बसत नाहीत

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही समजावं म्हणून आधी थोडक्यात तो परत मांडतो. बाबा ६१ वर्षांचे, गोव्यात डिचोलीजवळ गावात राहतात. टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं नाही, मुंबईला ३५ रेडिएशन आणि सोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन केमो. ते संपून ५ महिने झाले, तिसऱ्या महिन्यातल्या पेट स्कॅनमध्ये काही नाही. पण वजन ६८ वरून ५४ वर आलंय, पेज आणि दूध सोडून काही जात नाही, तेही आतल्या खोलीत एकटे बसून घेतात, दिवसभर पडून असतात, दोनदा हाक मारली की चिडतात, आणि घरच्या चवथीला ज्यांच्याशिवाय आरती सुरू होत नसे, ते यंदा घुमट (आरतीला वाजवतात ते मातीचं वाद्य) हातात न घेता आतच झोपून राहिले. शेवटी तुम्ही लिहिलंय, डॉक्टर म्हणतात कॅन्सर गेला, मग आमचे बाबा परत का येत नाहीत?

मी २२ वर्षं रेडिएशनच्या विभागात काम करतोय आणि हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत शेकडो वेळा ऐकलाय, कधी पेडण्याच्या माणसाकडून, कधी वाळपईच्या. आधी सरळ उत्तर देतो. नाही, हे असंच राहणार असं नाही. पण नुसतं थांबूनही होणार नाही. कॅन्सर घालवणं हे एक काम होतं, ते झालं, आणि माणूस परत आणणं हे दुसरं काम आहे, त्याची स्वतःची तपासणी असते, स्वतःचे व्यायाम असतात, स्वतःची औषधं असतात, आणि ते बहुतेक घरांत कोणी सुरूच करत नाही कारण सगळ्यांना वाटतं रेडिएशन घेतलंय म्हणजे हे होणारच.

या पेशंटांचं जगणं कसं चाललंय ते मोजायला प्रश्नावल्या असतात, त्यातली एक ३० प्रश्नांची आणि डोकं-मान भागासाठी वेगळी ३५ प्रश्नांची, या दोन जगभर वापरल्या जातात. ट्रीटमेंटच्या आधी, मधे आणि नंतर त्या भरून घेतल्या की जवळजवळ सगळीकडे एकच चित्र दिसतं. शेक, म्हणजे रेडिएशन, चालू असताना सगळं घसरत जातं, शेवटच्या आठवड्यात आणि संपल्यावरच्या महिन्यात तळ गाठतं, मग हळूहळू वर येतं आणि साधारण वर्षभरात एकूण तब्येतीचा आकडा पुष्कळांचा आधीच्या जवळ पोचतो. पण चार गोष्टी मागे राहतात, कोरडं तोंड, चिकट लाळ, दात आणि तोंड कमी उघडणं. म्हणजे तुमचे बाबा ५ महिन्यांवर आहेत, अजून वाटेच्या मधेच आहेत. चव बरीचशी परत येते, साधारण सहा महिन्यांपासून वर्षभरात. थकवा कमी होतो. तिखट मात्र फार दिवस सहन होत नाही. आणि लाळ पूर्वीसारखी होईल असं मी कोणालाच सांगत नाही.

माझ्या ओपीडीत माणूस खुर्चीत बसला की मी दोनच गोष्टी आधी विचारतो, जेवायला किती वेळ लागतो आणि कोणाबरोबर जेवता. हे गप्पांसाठी नाही. डोकं-मान कॅन्सरच्या पेशंटांसाठी पीएसएस-एचएन म्हणून एक मोजपट्टी आहे, त्यात तीनच गोष्टी बघतात, काय खाता येतं, बोललेलं समोरच्याला कळतं का, आणि चारचौघांत बसून जेवता का. तिसरी गोष्ट वेगळी मोजावीशी वाटली याला कारण आहे. माणूस पेज पितो की भात खातो यापेक्षा तो ताट घेऊन आतल्या खोलीत गेला की नाही, यावरून मला जास्त कळतं. आपल्याकडे सगळं पंगतीत होतं ना, लग्न, बारावं, जत्रा, सप्ताह. ठसका लागेल, तोंडातून सांडेल, सगळे उठले तरी आपलं अर्धं ताट शिल्लक असेल, या भीतीने माणूस आधी लग्नाला जाणं सोडतो, मग घरच्या टेबलावर येणं सोडतो, मग बोलणं. घरच्यांना वाटतं स्वभाव बदलला. स्वभाव बदललेला नसतो, गिळता येत नसतं आणि त्याची लाज वाटत असते.

म्हणून सुरुवात गिळण्यापासून करा. रेडिएशनमध्ये घशाच्या मागच्या भिंतीचे स्नायू, जिभेचं मूळ, स्वरयंत्र वर उचलणारे स्नायू, सगळे कमीजास्त डोसमध्ये येतात. पहिले दोन-तीन महिने तिथे सूज आणि जखम असते, ती भरते, पण नंतर आतून ते ताठर व्हायला लागतात, आणि जो स्नायू वापरला नाही तो आणखी लवकर ताठरतो. राईल्स ट्यूबवर, म्हणजे नाकातून पोटात घातलेल्या नळीवर, तीन-तीन महिने राहिलेल्या आणि तोंडाने एक घोटही न घेतलेल्या लोकांचं गिळणं मागाहून सुरू करणं फार कठीण जातं, हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय. बाबा पेज तरी तोंडाने घेतायत, ही तुमच्या पत्रातली माझ्या दृष्टीने सगळ्यात चांगली गोष्ट.

पण एक गोष्ट आधी तपासायलाच हवी. काही लोकांचं अन्न किंवा पाणी श्वासनळीत जातं आणि त्यांना खोकलाही येत नाही, कारण तिथली जाणीवच कमी झालेली असते. घरच्यांना वाटतं ठसका लागत नाही म्हणजे बरं आहे. म्हणून लक्ष ठेवा, जेवल्यावर आवाज ओला, घोगरा येतो का, पाणी पिताना डोळ्यांत पाणी येतं का, मधूनच संध्याकाळचा ताप येतो का, एका जेवणाला अर्ध्या-पाऊण तासाच्या वर लागतो का, गेल्या दोन वर्षांत नव्हता तो न्यूमोनिया झालाय का. यातलं एक जरी असलं तरी गिळण्याची तपासणी करून घ्या. नाकातून बारीक कॅमेरा घालून खाताना आत काय होतं ते बघतात, किंवा बेरियम मिसळलेलं अन्न गिळताना एक्स-रेचा व्हिडिओ काढतात. ईएनटीच्या डॉक्टरांना आणि गिळण्याचं काम करणाऱ्या स्पीच थेरपिस्टना विचारा. हो, स्पीच थेरपिस्ट, नावावरून लोकांना वाटतं हे फक्त बोलायला शिकवतात, पण गिळणं हे त्यांचंच क्षेत्र.

व्यायाम ते माणूस बघून ठरवतात, तरी कल्पना यावी म्हणून सांगतो. एक असतो जोर लावून गिळायचा, थुंकी गिळताना घशाचे सगळे स्नायू आवळून. एक असतो गिळताना कंठमणी वर जातो तिथेच दोन-तीन सेकंद धरून ठेवायचा, आरशासमोर बोट लावून शिकतात. एक जिभेचं टोक दातांत हलकं धरून गिळायचा, हा तोंडात अन्न असताना अजिबात करायचा नाही, फक्त थुंकीवर. आणि एक उताणं झोपून खांदे न उचलता फक्त डोकं उचलून पायाची बोटं बघायची, एक मिनिट धरायचं, तीनदा, मग ३० वेळा नुसतं वर-खाली, दिवसातून तीनदा, सहा आठवडे. हा शेवटचा मानेचा त्रास किंवा बीपी असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय करू नये. कंटाळवाणं आहे सगळं, मला माहीत आहे, आणि पहिले दोन आठवडे काहीच फरक वाटत नाही. भजनाला बसणारी माणसं यात चिवट निघतात असा माझा अनुभव, कारण रोज ठरल्या वेळी बसून तीच गोष्ट परत करायची त्यांना सवय असते. बाबांना तसंच सांगून बघा, रियाज म्हणून.

आता पेजेबद्दल. उकड्या तांदळाची पेज म्हटलं की आपल्याला वाटतं आजाऱ्याला याहून चांगलं काय. गिळायला सोपी आहे, ते खरं, पण एका वाटीत मुख्यतः पाणी आणि स्टार्च, प्रोटीन दोन-तीन ग्रॅम असेल. ५४ किलोच्या माणसाला, ज्याचं १४ किलो गेलंय आणि त्यात बराच स्नायू गेलाय, त्याला दिवसाला ६५ ते ८० ग्रॅम प्रोटीन लागतं. नुसत्या पेजेने ते होणार नाही, दिवसभर पीत बसले तरी नाही. म्हणून पेज तीच ठेवा पण तिच्यात भर घाला, शिजवून घोटलेली मुगाची डाळ, दुधाची पावडर, एक चमचा तूप, नारळाचं दाट दूध. अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रोटीन असतं, मऊ उकडून पेजेत फेटून घालता येतं. नाचणीचं तिझान, म्हणजे लापशी, करा, पण पाण्यात नाही, दुधात. आणि मासे थांबवायची गरज नाही, उलट आपल्याकडे बाळंतिणीला आणि आजाऱ्याला मुडदुशी देतात तेच इथे उपयोगी आहे, काटा नीट काढून, मिरची न घालता, हळद आणि नारळाच्या रसात शिजवून चमच्याने कुस्करून. शीत, म्हणजे भात, कोरडं देऊ नका, कढी (आमटीचा रस) नेहमीपेक्षा दुप्पट घाला, लाळेचं काम आता त्या कढीने करायचंय. दिवसातून तीन मोठ्या जेवणांपेक्षा सहा लहान. आणि आठवड्यातून एकदा, ठराविक दिवशी, सकाळी, त्याच काट्यावर वजन, कॅलेंडरवर लिहून ठेवायचं. महिन्याभरात वजन आणखी खाली गेलं तर वाट बघू नका, दाखवा.

एक गोष्ट इथे घरच्यांना विचित्र वाटते. ज्याला श्वासनळीत जाण्याचा त्रास असतो त्याला पातळ पाणी सगळ्यात कठीण जातं, आणि ज्याचं तोंड कोरडं असतं त्याला घट्ट अन्न चिकटून बसतं. दोन्ही त्रास एकाच माणसाला असतात. मग पातळ द्यायचं की घट्ट, हे अंदाजाने ठरवता येत नाही, तपासणीनंतरच ठरतं. म्हणूनच मी त्या तपासणीच्या एवढा मागे लागतो.

लाळेचं थोडं समजून घेऊया, कारण दात, चव, आवाज, झोप सगळं तिथे येऊन अडतं. कानाच्या खालच्या ग्रंथी पातळ, पाण्यासारखी लाळ देतात, ती जेवताना सुटते. जबड्याच्या खालच्या ग्रंथी दिवसभर, काही न खातासुद्धा तोंड ओलं ठेवतात. कानाखालच्या ग्रंथींना सरासरी २६ ग्रेच्या (ग्रे हे रेडिएशनच्या डोसचं माप) वर डोस गेला की त्या सहसा नीट परत येत नाहीत, आणि घशाच्या कॅन्सरला तर ७० ग्रेपर्यंत द्यावं लागतं, म्हणून आता आयएमआरटी पद्धतीत किरण वळवून एका बाजूची तरी ग्रंथी वाचवायचा प्रयत्न असतो. त्याचा फायदा खरंच होतो, २०११ मध्ये ब्रिटनमधला एक अभ्यास आला होता, पार्सपोर्ट नावाचा, त्यात जुन्या पद्धतीने शेक घेतलेल्यांपैकी ७४ टक्के लोकांना वर्षानंतर बऱ्यापैकी कोरडं तोंड होतं आणि ग्रंथी वाचवून दिलेल्यांत ३८ टक्के. म्हणजे निम्म्यावर आलं, शून्यावर नाही. बाबांच्या डिस्चार्जच्या कागदावर कुठली पद्धत वापरली ते लिहिलेलं असेल, बघा. आयएमआरटी असेल तर पुढच्या वर्ष-दीड वर्षात लाळ आणखी थोडी सुधारायला जागा आहे.

तोपर्यंत, पाण्याची बाटली कायम जवळ, घोट घोट. कोमट पाण्याच्या लिटरभर बाटलीत एक चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा, त्याने दिवसातून पाच-सहा वेळा चूळ, जेवल्यावर तर नक्कीच. दुकानातलं झणझणीत माउथवॉश नको, त्यात अल्कोहोल असतं, तोंड आणखी सुकतं. कृत्रिम लाळेचे जेल, स्प्रे मिळतात, रात्री झोपताना लावले तर तोंड चिकटून दोन-दोनदा जाग येते ती कमी होते. पायलोकार्पिन नावाची गोळी आहे, उरलेल्या ग्रंथीला जोर लावते, काहींना चांगली लागू पडते, पण घाम फार येतो आणि दमा किंवा काही प्रकारचा काचबिंदू असेल तर देत नाहीत, तेव्हा केमिस्टकडून परस्पर आणू नका. आणि कृपा करून खडीसाखर, लिमलेटच्या गोळ्या चघळायला देऊ नका. तोंडाला पाणी सुटतं म्हणून सगळे देतात. लाळ नसलेल्या तोंडात साखर म्हणजे दातांचा नाश. सोलकढी, बिंबलाची आमटी, व्हिनेगर घातलेलं काहीही सध्या लांबच, आंबट झोंबतं आणि दातावरचं कवच खातं.

दातांबद्दल जरा कडक बोलणार आहे. लाळ दात धुते, आम्ल कमी करते, ती गेली की काही महिन्यांत दात हिरडीच्या कडेला, मानेपाशी कुजायला लागतात, दुखतही नाहीत आणि एक दिवस दात तुटून हातात येतो. मग माणूस काय करतो, जवळच्या दवाखान्यात जाऊन मूळ काढून घेतो. इथेच घात होतो. शेक घेतलेल्या जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो, खास करून खालच्या जबड्याचा, ६० ग्रेच्या वर डोस गेलेला असेल तर. दात काढलेली जागा भरतच नाही, हाड उघडं पडतं, सडतं. माझा एक पेशंट, फोंड्याकडचा, शेक घेऊन तिसरं वर्ष, एकदम छान होता, दोन दात काढून घेतले, रेडिएशन झालंय हे त्याने सांगितलं नाही आणि काढणाऱ्याने विचारलं नाही. सहा महिन्यांनी हनुवटीखाली भोक पडून पू येत होता, पुढे जबड्याचा तो भाग काढून पायाचं हाड बसवावं लागलं. त्याचा कॅन्सर कधीच बरा झाला होता. हा धोका वर्षा-दोन वर्षांत संपत नाही, आयुष्यभर राहतो. म्हणून बाबांचा कुठलाही दात रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढायचा नाही, आणि दातांच्या प्रत्येक डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगायचं. बांबोळीला गोवा डेंटल कॉलेज आहे, तिथे दाखवा, फ्लोराईडचं जेल आणि ते लावायचे दातांच्या मापाचे साचे मागा, रोज रात्री लावायचं, कायमचं. दर तीन-चार महिन्यांनी तपासणी.

तोंड किती उघडतं ते आज रात्रीच मोजा. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये पट्टी धरून, मिलिमीटरमध्ये. बाबांची स्वतःची तीन बोटं उभी आत जातात का तेही बघा. ३५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर तोंड आखडतंय. यात सगळ्यात जास्त घसरण शेक संपल्यापासून पहिल्या नऊ महिन्यांत होते, म्हणजे बाबा आत्ता त्याच काळात आहेत, आणि एकदा घट्ट झालं की ओढून मोकळं करणं फार जड जातं. आपल्याकडे सुपारी, गुटखा खाल्लेल्यांचं तोंड आधीच थोडं आखडलेलं असतं, त्यावर हे. गोव्यात गुटख्यावर २००५ मध्येच कायद्याने बंदी आली पण ज्यांनी आधी पंधरा वर्षं खाल्ला त्यांच्या गालातला तो ताठरपणा कुठे जाणार. व्यायाम साधा आहे, आईस्क्रीमच्या लाकडी काड्या स्वच्छ धुऊन एकावर एक रचून दातांत बसवायच्या, ताण जाणवेल पण दुखणार नाही इतक्या, ३० सेकंद धरायच्या, पाच वेळा, असं दिवसातून पाचदा. तीन-चार दिवसांनी एक काडी वाढवायची. दात हलत असतील किंवा किडलेले असतील तर आधी डेंटिस्टला विचारून.

आता ज्या गोष्टीमुळे तुमचं पत्र वाचताना मी थांबलो ती. तुम्ही सात रिपोर्टांचे आकडे लिहिलेत, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, लिव्हर, शुगर, सगळं. टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, कुठेच नाही. मानेला शेक घेतला की थायरॉईड त्याच पट्ट्यात येते आणि पुढच्या काही वर्षांत पाचातल्या एकाची तरी, काही ठिकाणी अगदी निम्म्या लोकांची थायरॉईड मंदावते. लक्षणं बघा, थकवा, दिवसभर झोप, बद्धकोष्ठता, घोगरा आवाज, चेहरा सुजल्यासारखा, थंडी वाजणं, मन उदास. हे सगळं कॅन्सरच्या नावावर खपतं. मी स्वतः ही चूक केलीय. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एक मास्तर यायचे, दर फॉलोअपला म्हणायचे, डॉक्टर अंगात जोरच नाही, आणि मी दर वेळी मान तपासायचो, घसा बघायचो आणि सांगायचो, होईल हळूहळू. दीड वर्ष सांगितलं. शेवटी दुसऱ्याच कारणासाठी कोणीतरी टीएसएच केली आणि ती प्रचंड वाढलेली निघाली, म्हणजे थायरॉईड मंदावलेली. थायरॉक्सिनची गोळी सुरू केल्यावर तीन महिन्यांत ते परत शिकवण्या घेऊ लागले. ते दीड वर्ष मी त्यांना परत देऊ शकत नाही. तेव्हापासून मानेला शेक झालेल्या प्रत्येकाची टीएसएच दर सहा महिन्यांनी, निदान वर्षातून एकदा, आयुष्यभर. साधी रक्ताची टेस्ट आहे, उद्या सकाळी करा. बाबांच्या बाबतीत पाचच महिने झालेत, नॉर्मल येऊ शकते, पण मग सहा महिन्यांनी परत करायची.

आणि कान. सिस्प्लॅटिनने उंच पट्टीचं ऐकू येणं कमी होतं, बायका-मुलांचे आवाज, चार माणसं एकदम बोलत असतील तर काहीच लागत नाही, कानात शिट्टी वाजत राहते. तुम्ही लिहिलंय दोनदा हाक मारली की चिडतात. मला वाटतं पहिली हाक त्यांना ऐकूच येत नसावी. आरतीच्या वेळी झांजा, घुमट, शमेळ, पंधरा माणसं, ज्याच्या कानात आधीच शिट्टी वाजतेय त्याला तो आवाज काय वाटत असेल विचार करा. ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. हे वाचून तुमच्या घरात थोडा राग कमी झाला तरी पुष्कळ आहे.

बाकीचं पटकन सांगतो. हनुवटीखाली सकाळी मऊ सूज दिसते आणि दुपारपर्यंत उतरते, ती बहुतेक वेळा लिंफ (अंगातला एक पातळ द्रव) साचून असते, कॅन्सर परतला म्हणून घाबरू नका, पण एकदा दाखवून खात्री करा, उशी उंच घ्या, फिजिओकडून मसाज शिका. मान खाली घातली की पाठीतून करंट गेल्यासारखं होतं असं काहींना पहिल्या काही महिन्यांत होतं, तेही सांगा डॉक्टरांना, सहसा आपोआप जातं. मान रोज चारी बाजूंना हळूहळू फिरवत राहायची. बीपी आणि कोलेस्टेरॉल ताब्यात ठेवायचं, कारण मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्याही शेकात आलेल्या असतात आणि पुढे अनेक वर्षांनी त्या अरुंद होऊ शकतात. पण नवीन गाठ, न जाणारं दुखणं, एका बाजूचा कान सतत दुखणं, रक्त, तीन आठवड्यांवर न भरणारी जखम, यातलं काही असेल तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही.

मनाबद्दल. डोकं-मान कॅन्सरच्या लोकांमध्ये उदासीनता आणि आत्महत्येचा धोका बाकी बऱ्याच कॅन्सरपेक्षा जास्त दिसतो, हे कोणी उघड बोलत नाही म्हणून बोलतोय. चेहरा, आवाज, खाणं, तिन्ही एकदम जातं ना. बाबांना एकटं गाठून सरळ विचारा, जगावंसं वाटत नाही असं वाटतं का. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही, उलट सांगायला वाट मिळते. सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, १४४१६, चोवीस तास, तुम्हीही फोन करू शकता, आईही. आईचं तुम्ही एका ओळीत लिहिलंय, ती बाबांच्या आधी जेवत नाही आणि नंतर तिला भूक नसते. तिचंही वजन करा. तंबाखू, विडी परत सुरू झाली असेल तर भांडू नका, १८००-११-२३५६ हा सोडायला मदत करणारा नंबर आहे, फुकट आहे. पण सोडायला मात्र हवीच, आणि फेणीसुद्धा, औषध म्हणून घोटभरही नको, दुसरा कॅन्सर याच तोंडात, याच घशात होण्याचा धोका त्याने वाढतो.

आपल्या गोव्यातल्या बऱ्याच लोकांची एक अडचण अशी की शेक मुंबईला नाहीतर बेळगावला झालेला असतो, फॉलोअप तिकडे, आणि माणूस इकडे. तिकडचे डॉक्टर कॅन्सर बघतात, त्यांच्यासमोर दोनशे लोक बसलेले असतात, आणि इकडे कोणाला माहीतच नसतं काय झालंय ते. म्हणून एक प्लास्टिकची फाईल करा, त्यात सगळ्यात वर ट्रीटमेंट समरी, किती ग्रे, किती फ्रॅक्शन (म्हणजे किती वेळा शेक), कुठल्या भागाला, कुठलं केमो किती वेळा. नसेल तर मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. मग इथे गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा तुम्हाला जवळ पडेल तिथे ईएनटी, डेंटल, स्पीच, फिजिओ आणि डाएटिशियन, पाच जणांना ती फाईल दाखवायची. पाच ठिकाणी फेऱ्या मारायच्या म्हणजे आईला आणि तुम्हाला त्रास आहे, मला कल्पना आहे, पण पहिल्या महिन्यात एकदा सगळं लावून दिलं की पुढचं बहुतेक घरीच करायचं असतं.

आणि जेवण. तपासणी होऊन गिळणं सुरक्षित आहे असं कळलं की बाबांना पंगतीत आणायची घाई करू नका, तुम्ही आत जा. तुमचं ताट घेऊन त्यांच्या खोलीत बसा, फक्त तुम्ही एकट्या, टीव्ही बंद, कमी बोलायचं कारण बोलता बोलता गिळलं की ठसका लागतो. त्यांचं होईपर्यंत उठायचं नाही. मग आठवड्याने आई. मग दार उघडं. फोंड्याच्या त्या पेशंटच्या सुनेने असंच केलं होतं, तिला कोणी शिकवलं नव्हतं, चार महिन्यांनी म्हातारा टेबलाच्या कोपऱ्यात येऊन बसला, सगळ्यांच्या आधी अर्धा तास, म्हणजे उठताना बरोबर उठता येईल.

घुमट वाजवायला घसा लागत नाही, हे बाबांना सांगा. आरती बाकीचे म्हणतील. फक्त आधी कान तपासून घ्या.

टीएसएचचा आकडा आला की लिहा, आणि तोंड किती मिलिमीटर उघडतं तेही.